निळ्या वॅगनमधलं पाणी

४ ऑक्टोबर, शनिवार. सकाळ, दुसऱ्या कॉफीनंतर

बस बंद झाली. एक तारखेपासून आमच्या कोर्पियार्वी गावाला बस नाही. आमच्या जुन्या मोटारीचा निकाल गेल्याच महिन्यात लागला. वार्षिक तपासणीवाल्याने तिच्या गंजक्या पत्र्यावर अंगठा ठेवला आणि अंगठा आत गेला. आता इथे मी, बायको हिल्का आणि तलाव. शहर अडतीस किलोमीटर.

काल गावच्या सभागृहात निषेधसभा. मी पंचेचाळीस मिनिटं बोललो. ज्या राज्याला आपल्या म्हाताऱ्यांपर्यंत चार चाकं पोचवता येत नाहीत, ते राज्य कसलं, ती नुसती इमारत, असं म्हणालो. अकरा माणसं होती. दोघांनी मान हलवली. आमच्या भागात याला टाळ्यांचा कडकडाट समजतात.

घरी आलो तर ओउलूहून मिर्वाचा फोन. मुलगी माझीच, पण बोलते सरकारी पत्रासारखी. म्हणाली, बाबा, सहा डिसेंबरला, स्वातंत्र्यदिनाला, मी येतेय. तोवर दारात हिवाळ्यात भरवशाने चालणारी गाडी नसेल, तर तुम्ही दोघं ओउलूला. फ्लॅट बघून ठेवलाय. सहावा मजला. सौना, वाफेच्या आंघोळीची खोली, इमारतीचा सामाईक, तुमची पाळी बुधवारी पाच ते साडेपाच.

बुधवारी. अर्धा तास. घड्याळ लावून.

हे घर मी स्वतःच्या हातांनी बांधलंय. (भिंती, जमीन आणि छप्पर हिल्काच्या भावाने.) ते सोडणार नाही.

संकल्प: १. गाडी मीच घेणार. २. शास्त्रशुद्ध तपासून घेणार. ३. कुणाचा सल्ला घेणार नाही.

हिल्का म्हणाली, माहीतगार माणसाला विचार. लग्नाआधी तिने नऊ हिवाळे डेअरीचा ट्रक चालवलाय, त्यामुळे तिला वाटतं तिला गाड्यांतलं कळतं. पण ते दूध होतं.

६ ऑक्टोबर, सोमवार

तपासणीचा मसुदा सुरू केला. शीर्षक: 'जुनी मोटार, पाणी आणि हिवाळा: बावीस कलमं'. दिवसभरात प्रस्तावना झाली. आठ पानं. बैलगाडीपासून सुरुवात करून खाजगी व्यापाराच्या मूळ स्वभावापर्यंत आलो. विक्रेता खोटं बोलतो तो त्याचा दुर्गुण नसून त्याची जागाच त्याला बोलायला लावते, हा मुद्दा फार चांगला उतरलाय.

हिल्काने बटाटे सोलता सोलता विचारलं, गाडीतल्या गालिच्याखाली हात घालून बघायचं लिहिलंयस का? म्हटलं, ते नवव्या कलमात येईल.

८ ऑक्टोबर, बुधवार

प्रस्तावनेची दुरुस्ती. आता अकरा पानं. कलमं उद्या.

९ ऑक्टोबर, गुरुवार. संध्याकाळी पाच

कलमं राहिली. पण गाडी बघून आलो.

सहा किलोमीटरवर फाट्याला ओन्नी मोइलानेनचा जुन्या गाड्यांचा धंदा आहे. सायकलने गेलो. हा मोइलानेन एके काळी माझ्या रात्रवर्गात सामाजिक इतिहास शिकायला दोन हिवाळे बसत असे. शेवटच्या बाकावर. दोन हिवाळ्यांत एक प्रश्न विचारला: खिडकी लावू का?

अंगणात निळी वॅगन उभी होती. रुंद, उंच, मागे सामानाला मुबलक जागा, इंजिनाला थंडीत गरम ठेवायचा प्लग. मी तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. मोइलानेन आतून आला, हात पुसत. म्हणाला, मास्तर, ही नका घेऊ. हिच्यात पाणी येतं. ड्रायव्हरच्या पायाशी.

मी विचारलं, कुठून?

म्हणाला, काचेच्या खाली, बॉनेटच्या कोपऱ्यात पाणी वाहून जायची भोकं असतात. आधीचा मालक ही पाइनच्या झाडाखाली लावायचा. झाडाच्या सुया पडून भोकं बुजलीत. एक बाजू मोकळी केलीय. घ्यायचीच असेल तर पुढच्या गुरुवारपर्यंत ठेवा, दुसरीही करून देतो. पैसे नकोत.

आणि आत कॉफी प्यायला गेला.

मी स्तंभित. विक्रेत्याच्या खोट्याला उत्तर द्यायची माझी चाळीस वर्षांची तयारी, आणि हा माणूस माझ्यापुढे स्वतःच्याच मालाची निंदा करतो. परत येताना तिसऱ्या किलोमीटरला उलगडा झाला. विक्रेता मालाला नावं का ठेवेल? मी तो घेऊ नये म्हणून. मी घेऊ नये असं त्याला का वाटेल? माल उत्तम आहे म्हणून. तो ती कुणासाठी तरी राखून ठेवतोय. बहुधा मेहुण्यासाठी.

हिल्काला सांगितलं. ती म्हणाली, किंवा मग तिच्यात पाणी येत असेल.

इतका सरळ विचार करणाऱ्यांमुळेच जगात फसवणूक टिकून आहे.

१० ऑक्टोबर, शुक्रवार. दुपार

घेतली.

मोइलानेन स्वतःची गाडी घेऊन आम्हाला न्यायला आला. तिथे हिल्काने पाच मिनिटांत वॅगनच्या दारांची रबरं दाबली, मागच्या जादा चाकाचा खड्डा बघितला, ड्रायव्हरच्या पायाशी गालिच्याखाली हात घातला आणि तळहात माझ्यासमोर धरला. ओला. मी म्हटलं, ऑक्टोबरात या देशात काय कोरडं असतं?

मग चालवून पाहिली. मी चालवत होतो, मोइलानेन शेजारी, हिल्का मागे. रस्त्यात त्याला प्रस्तावना तोंडपाठ ऐकवली. चौथ्या पानाच्या सुमारास पुढच्या काचेवर आतून धुकं धरलं. मोइलानेनने आपल्या बाजूची काच खाली केली. वारा आत यायला लागला म्हणून मी आवाज वाढवला. धुकंही वाढलं. त्याने दुसरीही काच खाली केली.

किंमत त्याने सांगितली तीच दिली. घासाघीस केली असती तर त्याला विचार बदलायला वेळ मिळाला असता. सही करताना तो पुन्हा म्हणाला, मास्तर, गुरुवारपर्यंत तरी ठेवा ना. मी नुसता हसलो. गुरुवारी मेहुणा येणार असेल.

अंगणात मोठ्या पाइनखाली लावली. हे झाड एकोणीसशे चौऱ्याण्णव साली वीजवाले तोडणार होते, मी भाषण करून वाचवलं. नैसर्गिक छप्पर. हिल्का म्हणाली, सुया पडतील. म्हटलं, पडू देत. झाड आधी आलंय, गाडी नंतर.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

पाऊस. वाचनालयाला जाऊन आलो. डावा मोजा ओला. कारण: अंगणातलं गवत.

१५ ऑक्टोबर, बुधवार

पाऊस. दोन्ही मोजे ओले. कारण: बूट जुने आहेत. सत्त्याऐंशी सालचे.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

नवे रबरी बूट घेतले, गुडघ्यापर्यंतचे. गाडीत घालून बसलो. पाय एकदम कोरडे. बूट पाण्यात उभे. प्रश्न सुटला.

२५ ऑक्टोबर, शनिवार

हिल्का म्हणते गाडीला वास येतो. कसला, तर बटाट्याच्या तळघराचा, वसंतातला. मी म्हटलं, जुन्या वस्तूला अनुभवाचा वास असतो. ती म्हणाली, मग अनुभव बुरसलाय.

बावीस कलमांतलं पहिलं कलम लिहायला घेतलं. 'पाणी म्हणजे काय' इथेच अडकलोय.

संकल्प: पुढच्या आठवड्यात गाडीची जलपरीक्षा. नळाला होज-पाइप लावून, वेळ मोजून, एकेक बाजू. बर्फ पडायच्या आत.

१ नोव्हेंबर, शनिवार

जलपरीक्षा राहिली. कारण: प्रस्तावनेला परिशिष्ट जोडायचं होतं.

आज हिवाळ्याचे टायर चढवले, खिळेवाले. हिल्काने जॅक लावला, चाकं काढली, बसवली. मी नट मोजले. वीस. बरोबर वीस. हिवाळ्याची तयारी पूर्ण झाली असं मिर्वाला फोनवर कळवलं. तिने विचारलं, आणि पाणी? हे तिला कोण सांगतं कळत नाही. मी म्हटलं, पाण्याचा प्रश्न अभ्यासाधीन आहे. ती म्हणाली, बाबा, फ्लॅटच्या बाई पंधरा डिसेंबरपर्यंत थांबायला तयार आहेत.

त्या बाईंना बरंच थांबावं लागणार आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी तीन

जलपरीक्षा पार पडली. तापमान उणे सहा.

पद्धत: मी आत, वही आणि बॅटरी घेऊन, दारं-खिडक्या बंद. हिल्का बाहेर, सौनाच्या नळाला लावलेली होज घेऊन. तिने सुरुवातीलाच काही आक्षेप घेतला होता, पण मी दार लावून घेतल्यामुळे तो नीट ऐकू आला नाही. काचेपलीकडे तिचे ओठ हलताना दिसत होते. मी मान डोलावून सुरू कर अशी खूण केली. तिने खांदे उडवले आणि पाणी मारलं. छपरावर पाच मिनिटं, काचेवर पाच, दारांवर पाच.

निरीक्षण एक: काचा लगेच पांढऱ्या झाल्या. बाहेरचं काही दिसेना.

निरीक्षण दोन: पाणी आत आलं की नाही हे ठरवता आलं नाही, कारण आत आधीच पाणी होतं. तुलनेला आधार नाही.

निरीक्षण तीन: दारं उघडेनात. चारही. पाणी फटींत गोठलं.

पाऊण तास आत होतो. त्या वेळात पहिलं कलम पूर्ण केलं. मग हिल्काने सौनाच्या चुलीवर पाणी गरम करून बादलीने मागच्या दारावर ओतलं आणि मी सामानाच्या जागेतून सरपटत बाहेर आलो. शेजारच्या आउनेबाई कुंपणापाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, काय तैस्तो, वासराचा जन्म झाला का?

हिल्का आधी काय म्हणत होती ते आता विचारलं. म्हणत होती, दारं गोठतील.

९ नोव्हेंबर, रविवार

थंडी वाजून ताप. पडून विचार केला. काल चूक पद्धतीत नव्हती, हवामानात होती.

१५ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळ

आज मूळ प्रश्नालाच हात घातला. पाणी येतं कुठून याचा शोध घेत बसण्यापेक्षा आलेलं पाणी घालवावं. गालिचा सुकवायचा. आणि सुकवायला या देशात सौनासारखी दुसरी जागा नाही. आमच्या पूर्वजांनी त्यात धान्य वाळवलं, मांस वाळवलं. गालिचा काय चीज आहे?

हिल्काने सीटचे बोल्ट काढले. पुढचा सगळा गालिचा आणि त्याखालचा फोम निघाला. मासे तोलायच्या काट्यावर वजन केलं: सहा किलो. सौनात वरच्या फळीवर पसरला. दोन वाजता चूल पेटवली, चारला सत्तर अंश. गालिच्यातून वाफा निघत होत्या. दृश्य उत्साहवर्धक.

देखरेखीसाठी मी आत जाऊन बसलो. कपडे काढून, अर्थात. सौनात कपडे घालून कोण बसतं?

पुढचं लिहिणं अवघड आहे, पण ही रोजनिशी माझ्याखेरीज कुणी वाचणार नाही.

माणूस चौऱ्याहत्तर वर्षं दर शनिवारी सौनाच्या चुलीवरच्या गरम दगडांसमोर बसतो. शेजारी पाण्याची बादली. बादलीत पळी. हात आपोआप जातो. पहिली पळी दगडांवर मारली ती मला कळलीच नाही. 'स्स्स' असा आवाज झाला आणि पाठीवरून गरम वाफ गेली तेव्हा कळलं. आता एक मारलीच आहे, तर गालिच्याला दुसऱ्या पळीने काय होणार, असा विचार केला. पाठ शेकायला लागली. एकंदर नऊ पळ्या.

पाच वाजता हिल्काने दार उघडलं, तिच्या आंघोळीची वेळ, खांद्यावर टॉवेल. तिने गालिच्याकडे बघितलं. मग माझ्या हातातल्या पळीकडे. म्हणाली, तैस्तो, तू गालिच्याला सौना दिलास.

वजन: साडेसात किलो.

ती आउनेबाईंकडे गेली, त्यांच्या सौनात. शेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा शनिवारी दुसरीकडे गेली.

१६ नोव्हेंबर, रविवार

गालिचा रात्रभर बाहेर दोरीवर टाकला होता. सकाळी हात लावून पाहिला. लाकडासारखा कडक. कडक म्हणजे कोरडा. गाडीत बसवला. (हिल्काने.)

१८ नोव्हेंबर, मंगळवार

वाचनालयाला निघालो. गाडी गरम झाल्यावर गालिचा मऊ पडला. मऊ आणि ओला यांत फरक असतो, असं मी स्वतःला बजावलं. येताना रबरी बूट घातले.

२३ नोव्हेंबर, रविवार

उणे अठरा. पुढच्या काचेवर बर्फ. बाहेरून खरवडला तरी दिसेना. मग लक्षात आलं, बर्फ आतून आहे. वाचनालयाच्या कार्डाने खरवडला. तो मांडीवर पडला, वितळला, वाफ झाला आणि परत काचेवर गेला. निसर्गातलं जलचक्र इतक्या जवळून पाहण्याचं भाग्य फार थोड्यांना मिळतं.

मोइलानेनचा फोन. हिल्कानेच कळवलं असणार. म्हणाला, मास्तर, गाडी घेऊन या. त्या सुया काढल्याशिवाय ते पाणी थांबायचं नाही. वीस मिनिटांचं काम. मी म्हटलं, माझ्या झाडाबद्दल बोलतोयस का? तो म्हणाला, तुमच्या झाडाच्याही असतील आता.

चौऱ्याण्णवचं सगळं प्रकरण त्याला सांगितलं. वीस मिनिटं लागली. शेवटी त्याने, बरं, एवढंच म्हटलं. त्याला पटलं असावं.

३० नोव्हेंबर, रविवार

सहा दिवस राहिले. काल हिल्का खिडकीशी उभी राहून बराच वेळ तलावाकडे बघत होती. मी विचारलं, काय बघतेस? म्हणाली, लक्षात ठेवतेय.

मला ते आवडलं नाही. तिला म्हटलं, आपण कुठेही जाणार नाही. माझा शब्द आहे. ती म्हणाली, तुझ्याकडे शब्द फार आहेत, तैस्तो. गाडी एकच आहे.

५ डिसेंबर, शुक्रवार

उद्याची योजना ठरली. मिर्वाची आगगाडी बारा वाजता शहरातल्या स्टेशनात येते. टॅक्सीने येऊ नकोस असं तिला सांगितलं. मी स्वतः निळ्या वॅगनमधून तिला घ्यायला जाणार. तिने डोळ्यांनी पाहावं, कोरड्या पायांनी बसावं आणि फ्लॅटवाल्या बाईंना स्टेशनातूनच फोन करावा.

हिल्का म्हणाली, आज जा, मोइलानेनकडे नेऊन आण. म्हटलं, आज स्वागताचं भाषण लिहायचंय. 'घर म्हणजे काय' या विषयावर, अडतीस किलोमीटर पुरेल एवढं.

इंजिनाचा प्लग सकाळी आठला लावायचा. चिठ्ठी दारावर.

६ डिसेंबर, शनिवार. स्वातंत्र्यदिन. सकाळी दहा

उणे चोवीस. आकाश निळं. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू. मी चांगल्या सुटात, वर रबरी बूट. हिल्का शेजारी बसलीय, खरवडणी घेऊन. निघतोय. बाकी आल्यावर, विजयानंतर.

त्याच दिवशी, संध्याकाळी सात

लिहितो. क्रमाने.

पहिले तीन किलोमीटर: हिल्काने आतून खरवडून काचेत बशीएवढं भोक केलं होतं. त्यातून रस्ता स्पष्ट दिसत होता. मी भाषणाची तालीम सुरू केली.

पाचवा किलोमीटर: भोक बटाट्याएवढं. हिल्का खरवडत होती. म्हणाली, जरा गप्प बस. मी म्हटलं, आता कळसाच्या भागाकडे येतोय.

सातवा किलोमीटर: साखरेच्या खड्याएवढं. हिल्का म्हणाली, तैस्तो, थांबव. मी म्हटलं, परिच्छेद संपू दे.

नववा किलोमीटर: परिच्छेद संपला. रस्ताही. गाडी अगदी हळू, सभ्यपणे, कडेच्या बर्फाच्या ढिगात शिरली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. माझ्या बाजूचं दार बर्फात दबलेलं, म्हणून हिल्काच्या बाजूने बाहेर पडलो. समोर बस थांबा. आमच्याच बसचा. वेळापत्रक अजून चिकटवलेलं. पुढची बस अकरा वाजता, असं लिहिलेलं.

हिल्काने फोन केला. मला वाटलं मिर्वाला. मोइलानेनला.

तो सणाच्या शर्टावर कामाचा डगला चढवून टोइंगचा ट्रक घेऊन आला. गाडी ओढून बाहेर काढली, फाट्यापर्यंत नेली, आणि तिथे स्वतःच्या गाडीची चावी हिल्काच्या हातात दिली. मिर्वाला आणायला ती गेली. एकटी. बत्तीस किलोमीटर. अंगणातून बाहेर पडताना तिने गाडी एका झोकात मागे घेऊन वळवली, ट्रकवाले घेतात तशी. मोइलानेन बघत राहिला. म्हणाला, डेअरीतले लोक अजून सांगतात हिच्याबद्दल.

मी विचारलं, काय सांगतात? शेहेचाळीस वर्षांत मी हे कधी विचारलं नव्हतं.

म्हणाला, नऊ हिवाळ्यांत एक दिवस चुकला नाही म्हणतात.

मग त्याने वॅगन शेडमध्ये घेतली. गरम हवेचं यंत्र लावून बर्फ सोडवला. बॉनेट उघडून काचेखालच्या कोपऱ्यात दोन बोटं घातली आणि सुया काढायला लागला. काळ्या, कुजलेल्या, चहाच्या चोथ्यासारख्या. वरच्या थरातल्या ताज्या, हिरव्या. त्या कुठल्या झाडाच्या हे मी ओळखलं. कॉफीचा डबा काठोकाठ भरला. मग त्याने भोकात पाणी ओतलं. ते सरळ खाली जमिनीवर आलं, आत एक थेंब नाही.

घड्याळात बघितलं. एकोणीस मिनिटं.

मोइलानेन म्हणाला, मास्तर, हे तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मी म्हटलं, मग जोर देऊन का नाही सांगितलंस? तो म्हणाला, तीनदा सांगितलं की.

त्याला मेहुण्याबद्दल विचारलं. त्याला मेहुणा नाही.

आता सात वाजलेत. सहाला रिवाजाप्रमाणे खिडकीत दोन मेणबत्त्या लावल्या. मिर्वा टेबलाशी बसलीय. समोर फ्लॅटचे कागद. तिने विचारलं एवढंच, बाबा, आई शेजारी बसली होती ना तेव्हा? मी हो म्हटलं. आणि यावर मला बोलण्यासारखं काहीच सुचलं नाही. हे आयुष्यात पहिल्यांदा.

७ डिसेंबर, रविवार. दुपार

सकाळी मिर्वाने पेन काढलं आणि माझ्यापुढे कागद सरकवले. मी सही करायला घेतली. खरंच घेतली. भाषण न करता.

हिल्काने कागद उचलून चुलीशेजारच्या लाकडांवर ठेवले. म्हणाली, मी बुधवारच्या अर्ध्या तासाच्या सौनात जाणार नाही. मला शनिवार लागतो. आणि तलाव लागतो. गाडी आता ठीक आहे. मी चालवीन.

मिर्वा म्हणाली, आई, तू? किती वर्षांत चालवली नाहीस. हिल्का म्हणाली, काल स्टेशनापासून तुला कुणी आणलं? मिर्वा म्हणाली, पण गाडी तर बाबाच चालवायचे ना नेहमी. हिल्का म्हणाली, त्यांना बोलायला समोर रस्ता लागायचा. मी कशाला मध्ये येऊ?

दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, या ठरावाला माझा पाठिंबा आहे.

मिर्वाने मोइलानेनला फोन करून सगळं विचारून घेतलं. तो म्हणाला, पाणी यायचं थांबलं, पण फोमच्या आत जे मुरलंय ते मार्चपर्यंत सुकायचं नाही. तोवर गाडीत ओल राहणार. श्वासाचीही भर नको. हिल्काने विचारलं, बोलण्याची? तो म्हणाला, वहिनी, मी पहिल्या दिवशी दोन काचा खाली केल्या होत्या.

हिल्काची अट: मार्चपर्यंत गाडीत तैस्तो बोलणार नाही. मिर्वाची अट: हे लेखी हवं. बावीस कलमांच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून दिलं. एकच कलम झालं. सही केली.

आणखी एक: गाडी पाइनखाली लावायची नाही. झाड आधी आलंय, हे हिल्कालाही मान्य आहे.

१३ डिसेंबर, शनिवार

उणे एकवीस. शहराला जाऊन आलो. अडतीस जाताना, अडतीस येताना. हिल्का चालवते. दोन्ही हात चाकावर, नजर लांब. गाडी चालवताना ती गुणगुणते, अगदी बारीक, तोंड मिटून. हे मला माहीत नव्हतं. ऐकायला कधी जागाच ठेवली नव्हती.

बूट घरी ठेवले होते. मोजे कोरडे.

काच स्वच्छ. जंगल, बर्फ, रस्ता, सगळं दिसतं. नवव्या किलोमीटरला बस थांबा. वेळापत्रक अजून तिथेच. पुढची बस अकरा वाजता. यावर चार मुद्दे सुचले, पाचवा अर्धा. फक्त एवढंच म्हटलं: बघ.

काचेवर नाण्याएवढं धुकं आलं. हिल्काने हातमोज्याने पुसलं.

पुढे तेही नाही.